अर्धा वाडगा सूप

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याने अर्धं सूप मागितलं, आणि मला त्याचा रागच आला.

राजधानीत अकरा संग्रहालयं आहेत. त्यातलं सगळ्यात कमी गर्दीचं आमचं, मातीच्या भांड्यांचं. वरच्या दोन मजल्यांवर हजार-दोन हजार वर्षांची रिकामी भांडी काचेच्या कपाटांत ठेवलेली, आणि खाली तळघरात बाबांचं नि माझं उपाहारगृह. आठ टेबलं, एक काउंटर, एक खिडकी. खिडकीतून फक्त रस्त्यावरच्या लोकांचे बूट दिसायचे. बाबा म्हणायचे, "दोन तास रिकामी भांडी बघून माणसाच्या पोटात कावळे कोकलणारच. आपण फक्त वाट बघत बसायचं." वाट बघण्यात आम्ही दोघंही तरबेज होतो. लोक भांडी बघायचे आणि समोरच्या चौकात जाऊन जेवायचे.

त्या दिवशी बाहेर बारीक पाऊस होता. तो छत्री मिटत जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर थांबून पुटपुटला, "एकवीस." मग कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि म्हणाला, "अर्धं सूप मिळेल का?"

"अर्धं मिळत नाही. वाडगा असतो, अख्खा."

"पैसे अख्ख्याचे घ्या. भरा मात्र अर्धाच."

"अर्धे वाडगे आम्ही वाढत नाही," मी म्हणाले. "ते वरच्या मजल्यावर ठेवतो."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. हे मला तेव्हाच दिसलं, म्हणजे राग काही फार खरा नसावा.

मी आत जाऊन बाबांना म्हटलं, "वरच्या कार्यालयातून कुणीतरी तपासायला आलंय. पायऱ्या मोजल्या, घड्याळ लावून बसलाय." बाबांनी आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं. मी सूप नेलं तेव्हा त्याने घड्याळाकडे बघून वहीत काहीतरी टिपलं, दोन चमचे घेतले, आणि मग वही बाजूला सारून वाडगा रिकामा होईपर्यंत वर बघितलंच नाही.

"आता पंचाईत झाली," तो म्हणाला. "मला आज अजून तीन ठिकाणी जेवायचंय."

"एवढी भूक बरी नव्हे. डॉक्टरला दाखवा."

"दाखवलंय. तो म्हणाला, धंदा बदला."

दोन दिवसांनी तो परत आला. मिठाबद्दल शंका आहे, म्हणाला. त्यानंतर पाव नीट आठवत नाही म्हणून आला. चौथ्या वेळी छत्री विसरलीय म्हणाला, आणि छत्री त्याच्या हातात होती.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवता?" मी विचारलं. "कोण आहात तुम्ही?"

त्याने खिशातून निळ्या पुठ्ठ्याचं एक छोटं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. 'संग्रहालयं बघताना कुठे जेवाल'. ते पुस्तक राजधानीत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असायचं. वर लेखकाचं नाव नाही, फोटो नाही. लोक त्यात बघून जेवायची जागा ठरवायचे, आणि आमचं नाव त्यात नव्हतं, म्हणूनच सगळे चौकात जायचे.

"हे तुम्ही लिहिता?"

"दर तीन वर्षांनी. प्रत्येक ठिकाणी एकदाच जायचं, न सांगता, अर्धं खायचं आणि निघायचं. हा माझा नियम."

"इथे तर चौथ्यांदा आलात."

"हो..." तो वाडग्याकडे बघत म्हणाला. "तेच तर कळत नाहीये."

सोमवारी सगळी संग्रहालयं बंद असतात, म्हणून आम्हीही बंद असायचो. पुढचे सात सोमवार मी त्याच्याबरोबर शहरभर जेवत हिंडले. बाबांना सांगितलं, मैत्रिणीकडे जातेय. ते म्हणाले, "मैत्रीण बरी जेवायला घालते, गाल वर आलेत."

एक प्लेट मागवायची आणि दोघांत अर्धी-अर्धी खायची. त्याला पायऱ्या, खुर्च्या, खिडकीतलं ऊन, वाढणाऱ्याचा स्वभाव, सगळं कळायचं. मला स्वयंपाकघरातलं कळायचं. "हे सूप कालचं आहे," मी सांगायची. "पाव सकाळचा नाही, सकाळी गरम केलेला आहे." तो टिपून घ्यायचा आणि माझ्याकडे अशा कौतुकाने बघायचा की मला पुढचा घास घेता यायचा नाही. आयुष्यभर मी लोकांना वाढलं होतं. माझ्यासमोर कुणी प्लेट सरकवून "तू आधी" म्हणण्याची मला सवय नव्हती.

तिसऱ्या सोमवारी आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. पाचव्या सोमवारी रस्ता ओलांडताना त्याने माझा हात धरला आणि रस्ता संपल्यावर सोडायला विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

टपाल-तिकिटांच्या संग्रहालयामागे त्याच्या ताईचं छोटं खानावळीसारखं दुकान होतं. तिथे मात्र तो मला नेत नव्हता. "तिने तुला बघितलं की विषय संपला," तो म्हणायचा. "संध्याकाळपर्यंत साड्या ठरवेल."

"तिच्या दुकानाबद्दल लिहितोस पुस्तकात?"

"नाही. म्हणजे एकदम शेवटच्या पानावर आहे. तिथे 'घरची ठिकाणं' असं लिहून फक्त नाव देतो. चव नाही, भाव नाही, कौतुक नाही. पहिल्या आवृत्तीनंतर ताई वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती."

मी हसले. त्या हसण्याची शिक्षा मला पुढच्याच आठवड्यात झाली.

वरच्या कार्यालयातल्या मॅडम क्वचितच खाली यायच्या. त्या दिवशी आल्या आणि उभ्या उभ्याच बाबांना म्हणाल्या, "वर्षअखेरीला तुमच्या जागेचा करार संपतोय. निळ्या पुस्तकात नाव आलं तर मी समितीपुढे काहीतरी बोलू शकेन. नाहीतर इथे बिस्किटांची यंत्रं बसवायचं चाललंय. बटण दाबलं की पुडा." बाबा "बरं, बरं" म्हणत राहिले. त्या गेल्यावर त्यांनी मोठं पातेलं घासायला घेतलं, जे मी सकाळीच घासलं होतं. आई गेली तेव्हा बाबा महिनाभर घरात एका खुर्चीत बसून होते. ही तळघराची जागा मिळाली म्हणून उठले. त्याला सव्वीस वर्षं झाली होती. इथून उठवलं तर ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील आणि या वेळी उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

सातव्या सोमवारी मी जवळजवळ पळतच गेले. आता काय काळजी, पुस्तक लिहिणारा आपलाच. तो बागेतल्या बाकावर बसला होता. आज अंगात इस्त्रीचा शर्ट होता, मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. मी एका दमात सगळं सांगितलं. करार, मॅडम, बिस्किटांची यंत्रं. "लिहिशील ना आमच्याबद्दल?"

त्याने खिशातून निळं पुस्तक काढलं. त्यातलं एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. प्रत्येक ठिकाणाखाली चार ओळी असायच्या: पायऱ्या किती, ताटकळावं किती लागतं, काय खावं. चौथी ओळ मी आजवर नीट वाचलीच नव्हती. 'ओळख : नाही.'

"ओळखीच्या माणसाच्या हातचं मला आजवर कधी खारट लागलेलं नाही," तो म्हणाला. "कुणालाच लागत नाही. मग वाचणाऱ्याने माझ्यावर विश्वास का ठेवायचा? जिथे ओळख आहे ते ठिकाण शेवटच्या पानावर जातं. तुमचं मी तिथे धरलं होतं... ताईच्या खाली."

"शेवटच्या पानाने समिती ऐकणार नाही."

"मला माहीत आहे."

"या एका वेळेला..."

"मी खोटं लिहीत नाही गं." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्याची दया आली.

बागेत पावसाचे थेंब पडायला लागले. आम्ही दोघंही उठलो नाही. मला बाबांचं ते घासलेलं पातेलं दिसत होतं.

"मग खोटं लिहू नकोस," मी म्हणाले. "खरं कर."

"म्हणजे?"

"आजपासून आपली ओळख नाही."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिशात काय होतं ते मी विचारलं नाही.

"मी आज वेगळंच विचारायला आलो होतो," तो म्हणाला.

"नको विचारूस."

"विचारलं तर?"

"तर मी हो म्हणेन. म्हणून नको."

त्याने खिशावरचा हात काढला. "किती दिवस अनोळखी राहायचं?"

"बाबांना ती जागा लागतेय तोवर. मग मी सांगेन. मी सांगेपर्यंत तू विचारायचं नाहीस."

"नाही विचारणार," तो म्हणाला, आणि तो दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता. हेच माझं नशीब आणि हेच दुर्दैव.

नवी आवृत्ती आली. बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: "भांडी संग्रहालय, तळघर. पायऱ्या एकवीस, कठडा भक्कम. ताटकळणं सात मिनिटं. सूप घ्या, अख्खं घ्या. ओळख : नाही." त्यांचे डोळे भरून आले. "बघ, ना ओळख ना पाळख, तरी माणसाने किती चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. ते पान त्यांनी चौकटीत बसवून काउंटरमागे लावलं. करार वाढला. आठ टेबलं पुरेनात, जिन्यावर रांग लागायला लागली. चौकटीची काच रोज मी पुसायची. ओल्या फडक्याने, कोरड्या फडक्याने, आणि चौथ्या ओळीशी हात थांबायचा.

तीन वर्षांनी तो आला. नियमाप्रमाणे, नव्या आवृत्तीसाठी. कानाजवळ केस पांढरे झाले होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून त्याने घड्याळ काढून ठेवलं.

"अर्धं सूप मिळेल का?" डोळे वहीत.

"मिळत नाही," मी म्हणाले.

मग आत जाऊन मी वाडगा अर्धा भरला आणि नेऊन ठेवला. त्याने वाडग्याकडे बघितलं. डावा डोळा जरा जास्त मिटला. बाकी काही नाही.

"सूप रोज ताजं असतं?"

"रोज."

"सोमवारी बंद?"

"सोमवारी बंद असतं," मी म्हणाले. "सोमवारी मी कुठेच जात नाही."

त्याने तेही टिपून घेतलं की टिपल्यासारखं केलं, कोण जाणे. वाडगा रिकामा करून तो उठला आणि पायऱ्या चढून गेला. या वेळी त्याने त्या मोजल्या नाहीत. मी खिडकीतून त्याचे बूट वळणापर्यंत जाताना बघितले. बाबा म्हणाले, "कोण गं तो? बरा वाटला माणूस." मी म्हटलं, "असेल कुणी."

आणखी तीन वर्षांनी पुन्हा तेच. अर्धा वाडगा, तेच दोन प्रश्न. जरा खोकत होता. जाताना छत्री विसरला, खरोखर विसरला. मी ती नेऊन देण्यासाठी जिन्यापर्यंत धावले, आणि बाबा काउंटरवर उभे होते म्हणून तिथेच थांबले. ती छत्री अजून दाराच्या खुंटीला आहे.

मधल्या काळात मला स्थळं आली. मी नाही म्हणत राहिले. बाबा आधी चिडले, मग गप्प झाले. एकदा भाजी चिरता चिरता म्हणाले, "माझ्यामुळे अडकलीस का तू?" मी म्हटलं, "कांदा बारीक चिरा." इतकं मोठं खोटं मी त्यांच्याशी आयुष्यात एकदाच बोलले, आणि तेही धड बोलले नाही.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. दुपारचं सूप उतरवून ठेवलं, जरा पडतो म्हणाले, आणि पडले ते पडलेच. तेरा दिवस मला काही सुचलं नाही. मग एका संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. प्रकाशकाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहिल्या की झालं. 'आता विचार' एवढंच तर लिहायचं होतं. पण लिहिताना वाटलं, बाबा गेले आणि लगेच ही पत्र पाठवते, जणू जाण्याचीच वाट बघत होती. आणि तसंही वर्षभराने तो येणारच होता. आठ वर्षं थांबले, आता एका वर्षाने काय होतंय? समोर बसेल, अर्धं सूप मागेल, आणि मी म्हणेन, आज अख्खं घे, आज आपली ओळख आहे. मला त्याचा चेहरा बघायचा होता. तेवढ्या एका हौसेपायी मी तो कागद घडी करून डब्यात ठेवला.

वर्ष गेलं. त्याच्या येण्याचे दिवस आले तसं मी कोपऱ्यातलं टेबल रोज रिकामं ठेवायला लागले. रांगेतले लोक कुरकुरायचे. मी कानाडोळा करायची.

मंगळवारी एक मुलगी आली, चोवीस-पंचवीसची. शेवटच्या पायरीवर थांबून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली, थेट कोपऱ्यात जाऊन बसली आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पुरुषी घड्याळ. पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून तिच्या मनगटाचं केलेलं.

"काकू, अर्धं सूप मिळेल का?"

मी घड्याळाकडे बोट केलं. "हे घड्याळ कुणाचं?"

"मामाचं." ती जराशी दचकली. "हे पुस्तक तोच लिहायचा. खरं तर हे सांगायचं नसतं, पण... यंदा मी लिहितेय. मामा उन्हाळ्याआधी गेला. छातीचं दुखणं होतं, अंगावर काढलं त्याने."

खिडकीतून लोकांचे बूट जात होते. मी ते बघत राहिले. किती वेळ, ते तिच्या त्या घड्याळालाच ठाऊक.

"बसा ना काकू," ती म्हणाली. मी बसले. त्या टेबलाशी मी नऊ वर्षांत पहिल्यांदा बसले होते.

"एकटे होते?" मी विचारलं.

"लग्न नाही केलं त्याने. आई डोकं आपटायची. सोमवारी मात्र कुणाला भेटायचा नाही. एकटाच बाहेर जेवायला जायचा आणि दोघांचं टेबल मागायचा. आम्ही चिडवायचो त्याला." ती थांबली. "तुम्ही त्याला... बघितलं होतं का? इथे आला असेल ना?"

मी टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटाने पुसला. तिने पिशवीतून निळं पुस्तक काढलं. कडेने पेन्सिलीच्या खुणा, त्याचं तिरकं अक्षर.

"नव्या आवृत्तीच्या दुरुस्त्या त्याने अंथरुणात बसून करून ठेवल्यात," ती म्हणाली. "सगळं नीट लिहिलंय. फक्त तुमच्या पानाचं मला काही कळत नाही."

तिने पान माझ्यापुढे केलं. चौथ्या ओळीत 'ओळख :' पुढचं 'नाही' त्याने खोडलं होतं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तिला विचारून लिही.'

म्हणजे शेवटपर्यंत त्याने विचारलं नव्हतं. शब्द पाळला होता, आणि तरी विचारायला माणूस पाठवलं होतं.

"कुणाला विचारायचं, तेच लिहिलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, इथे आल्यावर कळेल."

"मला विचार."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग पेन्सिल उचलली आणि पुस्तकातल्यासारखंच सरळ विचारलं, "इथे मामाची कुणाशी ओळख होती?"

काउंटरमागे बाबांची चौकट होती. पुढच्या महिन्यात करार पुन्हा समितीपुढे जाणार होता, आणि मॅडमच्या जागी आलेले साहेब बिस्किटांच्या यंत्रांबद्दल दोनदा बोलून गेले होते. हे पान गेलं तर जिन्यावरची रांगही जाईल. नऊ वर्षांपूर्वी बागेतल्या बाकावर हेच सगळं माझ्यासमोर होतं. तेव्हा बाबा होते.

"होती," मी म्हणाले. तिने लिहायला घेतलं तशी मी तिचा हात धरला. "होती नको. 'आहे' लिही."

पेन्सिल तशीच राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. दोघांच्या टेबलाचं कोडं तिला तिथे सुटलं असावं.

"पण मग हे पान काढावं लागेल, काकू," ती हळूच म्हणाली. "तुमचं नुकसान होईल."

"काढ."

तिने 'आहे' लिहिलं. मग पुस्तक उलटून शेवटचं पान उघडलं. 'घरची ठिकाणं.' खाली तिच्या आईच्या दुकानाचं नाव, एकच ओळ, आणि त्याखाली बरीच मोकळी जागा. प्रत्येक आवृत्तीत तो ती तशीच सोडत आला होता.

"इथे पायऱ्या, सूप, काहीच लिहीत नाहीत," ती म्हणाली. "फक्त नाव. आईच्या खाली."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

तिने नाव लिहिलं, पुस्तक मिटलं आणि घड्याळाशी चाळा करत बसली. डोळे पुसायला तिला माझी अडचण वाटत असावी, म्हणून मी उठून आत गेले. मला माझेही पुसायचे होते. मग पातेल्यातून सूप घेतलं आणि वाडगा काठोकाठ भरून तिच्यापुढे नेऊन ठेवला.

"काकू, मी अर्धंच मागितलं होतं," ती म्हणाली.

"घरच्या माणसाला अर्धं वाढत नाहीत," मी म्हणाले. "गार व्हायच्या आत घे."